जोडीचा भिडू

हरणाऱ्याला बक्षीस द्यायचं, आणि मग तो मुद्दाम हरतो का हे शोधायला जगाच्या दुसऱ्या टोकाला माणसं बसवायची, असला उफराटा कारभार सुजीतच्या टेबलावर येऊन पडला होता. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, तो आकडे चाळायचं काम करायचा. कंपनी छोटी, तीस-बत्तीस माणसांची. गिऱ्हाईक मात्र मोठं: अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलची एक लीग.

हा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. लंबगोल चेंडू बगलेत मारायचा आणि शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर घेत पुढे घुसायचं. संघ चोवीस. वरचे दहा बाद फेरीत जातात, तिला प्लेऑफ म्हणतात. खालचे चौदा घरी बसतात. दरवर्षी कॉलेजातून नवी पोरं येतात, त्यांची संघांमध्ये वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्या वाटणीत सगळ्यात तळाच्या संघाला पहिली निवड.

दुबळ्याच्या पानात आधी वाढा, वरवर पाहिलं तर न्यायाचीच गोष्ट. पण हंगाम संपत आला की ज्या संघाला कळतं आपण काही प्लेऑफला जात नाही, त्याला जिंकणं महागात पडायला लागतं. एक सामना जिंकला तर ड्राफ्टमध्ये दोन पायऱ्या खाली. हरला तर वर. मग मालक काय करणार? तो काही संत नसतो. तो हरतो. म्हणजे स्वतः हरत नाही, तो वर काचेच्या खोलीत बसलेला असतो. खाली मैदानात दुसऱ्यांना हरायला लावतो.

लीगला नवी रचना हवी होती. ड्राफ्टचा क्रम असा लावा, प्लेऑफ अशी मांडा, की मुद्दाम हरण्यात कुणाचा फायदा राहू नये. सुजीतने या कामावर पाच महिने घातले. बारा हंगामांचे सगळे सामने चाळले. दहाऐवजी बारा संघ प्लेऑफला घेतले तर आशा धरून राहणारे संघ वाढतात, हे त्याने दाखवलं. इथपर्यंत सगळे खूश होते. मग त्याने तक्ता सात केला.

गुरुवारी दुपारी शार्दूल लॅपटॉप हातावर तोलत त्याच्या टेबलाशी आला. शार्दूल त्याचा बॉस, पुण्याचा, वयाने सहा वर्षांनी लहान.

"सुजीतराव, हा तक्ता सात काय प्रकार आहे?"

"जे संघ प्लेऑफच्या बाहेर पडलेत, त्यांच्या शेवटच्या चार सामन्यांत खेळाडू दीडपट जखमी होतात."

"थंडी असेल. तिकडे डिसेंबर म्हणजे बर्फ असतो."

"प्लेऑफला जाणारेही त्याच बर्फात खेळतात. त्यांचं प्रमाण हलत नाही."

"मग?"

"अकरा जणांत दहा जण अंग राखून खेळतात आणि एक जण जीव तोडून खेळतो. शेजारचा जागचा हलला नाही की सगळा भार त्या एकावर येतो."

शार्दूलने खुर्ची ओढली. "हे आकडे बोलत नाहीत, तुम्ही बोलताय. बरं ते राहू दे. क्लायंटच्या वकिलांना पान चारवर एक ओळ हवी आहे." त्याने स्क्रीन सुजीतकडे फिरवली. 'प्रत्येक खेळाडू प्रत्येक सामन्यात जिंकण्यासाठीच खेळतो, असे गृहीत धरले आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. "खाली मॉडेल करणाऱ्याची सही. म्हणजे तुमची."

"हे खोटं आहे, शार्दूल."

"अझम्प्शन आहे. अझम्प्शन खोटं नसतं, ते फक्त असतं."

"तुम्ही कधी खेळलात?"

"चेस. अंडर फोर्टीन." शार्दूल हसला आणि उठला. "तक्ता सात काढा, ओळ टाका, सही करा. सोमवारी सकाळी गेलं पाहिजे. यल्ला, चला, एवढं दिलंत की खलास."

तो गेल्यावर सुजीतने आपला उजवा तळहात टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला. त्या हाताने तो रोज जेवत होता, गाडी चालवत होता, लेकीच्या डोक्यावरून फिरवत होता. त्याच हाताने सव्वीस वर्षांपूर्वी त्याने काय केलं होतं, हे त्याच्याखेरीज फार तर एकाला माहीत होतं, असं तो समजत होता.

शनिवारी संध्याकाळी टॉवरखालच्या मैदानात मुलं खेळायला जमली होती. सुजीतची लेक शुभ्रा, दहा वर्षांची, रांगेत उभी होती. दोन दांडगी पोरं आळीपाळीने एकेकाला बोटाने दाखवून आपल्याकडे घेत होती. रांग सरत आली. शेवटी शुभ्रा एकटी उरली, आणि ज्याच्या वाट्याला ती आली त्याने डोळे फिरवले. 

खेळ संपल्यावर तो तिला म्हणाला, "रोज असंच निवडतात?"

"इट्स फाइन, बाबा. समबडी हॅज टु बी लास्ट."

"आमच्याकडे नव्हतं असं. आम्ही जोड्या पाडायचो."

"व्हॉट जोड्या?"

मग बाकावर बसून त्याने तिला सांगितलं. वारणेकाठच्या वाडीत दोन म्होरके ठरायचे. बाकीच्यांनी आपापल्या ताकदीचा जोडीदार शोधायचा. पळणाऱ्याने पळणारा, अंगाने भरलेल्याने भरलेला. गळ्यात गळा घालून दोघांनी लांब जायचं, गुपचूप नावं ठरवायची, आणि येऊन विचारायचं: कोण घेतंय विळा, कोण घेतंय खुरपं? म्होरक्याला माहीत नसायचं विळा कोण नि खुरपं कोण. तो म्हणायचा विळा, की विळा त्याचा, खुरपं दुसऱ्याचं. कुणी पहिलं नाही, कुणी शेवटचं नाही. दोन्ही संघ तोलाचे. अगदीच बारकं पोर उरलं तर ते लिंबूटिंबू, ते दोन्हीकडून खेळायचं, त्याला बाद करायचं नाही.

"हू वॉज युअर जोडी?"

"गणूकाका. जबल अलीच्या गोदामातला. कायम तोच."

शुभ्राने विचार केला. "सो यू वर नेव्हर ऑन द सेम टीम?"

"नाही. जोडीतला भिडू नेहमी समोर. तिकडे तो, इकडे मी."

"दॅट्स सॅड."

"सॅड नाही गं. तो समोर असला की मला खेळायला चेव यायचा."

"नॉट इव्हन वन्स?"

"एकदा आलो एका बाजूला. तालुक्याच्या संघात."

"अँड?"

"हरलो," सुजीत म्हणाला आणि उठला.

घरी येऊन त्याने लॅपटॉप उघडला. तळाच्या बारा संघांच्या ताकदीप्रमाणे जोड्या पाडल्या. जोडीत आधी निवड कुणाची, हे झाकल्या नावाने ठरवायचं. बारा हंगाम त्यातून चालवून बघितले. मुद्दाम हरण्यातला फायदा निम्म्याहून खाली आला. शून्य नाही झाला. सगळ्यात खालच्या जोडीत शिरायचा मोह राहणारच होता, आणि तेही त्याने तसंच लिहिलं. ताट वाढून झाल्याचं त्याच्या बायकोने, आभाने, दोनदा सांगितलं. तो उठला नाही. काम चांगलं झालं होतं, आणि तरीही पान चारवरची ती ओळ तशीच उभी होती.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीचं वर्ष होतं. कबड्डीची आंतरतालुका स्पर्धा. गटातला शेवटचा सामना, आणि दोन्ही संघ आधीच पुढच्या फेरीत गेलेले. गटात पहिलं आलं तर उपांत्य फेरीत सगळ्यात तगड्या संघाशी गाठ, दुसरं आलं तर कच्च्या लिंबांशी. सामन्याआधी सरांनी पोरांना एकेक करून बाजूला घेतलं. "आज हरायचं. फार दिसू द्यायचं नाही." सुजीतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू उजव्या मध्यात आहेस. गणू कोपऱ्यात. त्याने पाय धरला तर तू मदतीला आत भरायचं नाहीस. त्याला सांगू नको, तो ऐकणारा नाही."

कबड्डीत कोपऱ्यातला आणि मधला एकमेकांचा हात धरून उभे असतात. कोपऱ्यातला चढाई करणाऱ्याच्या पायात झेपावतो ते त्या हाताच्या भरवशावर. दुसऱ्या डावात समोरचा पैलवानी गडी आत आला. गणूने घोटा धरला. अस्सा धरला की मैदानाभोवती ओरडा झाला. आणि सुजीतने हात सोडला. गडी वळला, त्याचा सगळा भार गणूच्या गुडघ्यावर आला. तो आवाज सुजीतने ऐकला होता. सुकं लाकूड मोडल्याचा नव्हे. ओलं लाकूड पिळल्याचा.

"हात घामानं सुटला," त्याने सगळ्यांना सांगितलं. पुढचा सामना जिंकला, सुजीत जिल्ह्याला गेला, खेळाडूंच्या राखीव जागेवर त्याला इंजिनिअरिंग मिळालं. गणूला मिळाला एक न वाकणारा पाय. बारा वर्षांपूर्वी सुजीतनेच ओळखी काढून त्याला जबल अलीत आणलं, गोदामाच्या गेटवर ट्रकचे पास तपासायच्या बसक्या कामावर. गणूची आई कृष्णाबाई तेव्हापासून फोनवर म्हणायची, "सुजीत, तू हायेस म्हणून माझं पोर उभं हाय बाबा." आणि सुजीत ते ऐकून घ्यायचा. बारा वर्षं ऐकून घेतलं. असल्या माणसाला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

रविवारी सकाळी तो जबल अलीला गेला. गोदामाच्या रस्त्याला एक टपरीवजा कॅफेटेरिया होता, बाहेर एक टेबल आणि दोन्ही बाजूंना दोन लांब बाकडी. दर रविवारी ते दोघे एकाच बाकड्यावर शेजारी शेजारी बसायचे, ट्रकच्या रांगेकडे तोंड करून. गणू ताठ पाय बाकड्यावर लांब टाकायचा.

"आला व्हय सायेब?" गणूने सरकून जागा केली. "त्वांड का उतरलंय? वहिनीनं हाकललं का काय?"

"नाही रे."

"मग हापिसातनं?"

"अजून तरी नाही."

"मग जिता हायेस अजून. दोन कडक सांग."

चहा आला. सुजीतने त्याला तक्ता सात सांगितला. ड्राफ्ट, प्लेऑफ, सगळं. गणूला तो खेळ काय ते ठाऊक नव्हतं, पण मध्येच त्याने हात वर केला.

"थांब. म्हंजी ज्यो पुढं घुसतोय त्योच मोडतोय."

"हां."

"कारण शेजारच्यानं हात सोडला."

सुजीतच्या हातातला कागदी कप चेपला. चहा बोटांवर आला. त्याने पुसला नाही.

"गण्या, माझा हात घामानं सुटला नव्हता."

गणूने चहावर फुंकर मारली. गेटातून वळणाऱ्या एका ट्रककडे बघितलं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "घामाचा हात घसरत जातोय रं. बोटं शेवटपतूर धरून ऱ्हात्यात. तुझा हात कोरडा हुता. तुझी बोटं उघडली."

"मग सव्वीस वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? मला वाटलं, भ्याला. समोर त्यो रेडा बघून भ्याला माझा गडी. भ्यायला काय, कुणीबी भितं. तवाच सोडून दिलं म्या." तो किंचित हसला. "बारक्यापणी एका बाजूला कधी खेळलोच न्हाई नं आपुन. म्हनलं, सवय न्हाई याला माझ्या शेजारी हुबं ऱ्हायची."

इथे सुजीत गप्प बसला असता तर चाललं असतं. माफी आयती हातात पडली होती. भित्रा म्हणून मिळालेली का असेना, ती घेऊन, दुसरा चहा पिऊन, घरी जाता आलं असतं. सोमवारी सहीही करता आली असती.

"भ्यालो नव्हतो," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं होतं. हरायचं म्हणून. दुसरं आलो तर पुढं कच्चा संघ मिळत होता."

गणूचा हात कपासकट थांबला.

"तुला सांगितलं?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांस्नी म्हंजी?"

"सहा जणांना. तुला सोडून."

गणूने कप खाली ठेवला. त्याचे ओठ हलत होते. तो एकेकाला मोजत होता, त्या दिवशी मैदानात कोण कुठे उभा होता ते.

"आन् म्या एकलाच खेळत हुतो," तो म्हणाला. "आख्ख्या मैदानात म्या एकलाच."

"गण्या..."

"गप. भ्यालेल्या गड्याला माफ केलं हुतं म्या. ह्येला काय करू?" त्याचा आवाज चढला नाही, त्याचीच सुजीतला जास्त भीती वाटली. "हरायचं हुतं तर हरायचं. मला सांगायचं. म्या ऐकलं नसतं, भांडलो असतो, सरांच्या अंगावर धावलो असतो. घरला गेलो असतो बॅग उचलून. पर त्या रेड्याच्या पायात घुसलो नसतो. कशापायी घुसू? कळतंय का तुला? हरल्यानं न्हाई मोडला माझा पाय. न सांगितल्यानं मोडला."

तो उठायला लागला. दोन्ही हात टेबलावर रोवून, पाय ओढत. सुजीतने सवयीने हात पुढे केला. गणूने त्या हाताकडे बघितलं आणि टेबलाची कड धरली.

"आईला सांगू नगं," तो म्हणाला. "तिला कशाला म्हातारपणी. आन् पुढल्या रविवारी येऊ नगं."

सोमवारी सकाळी सातला सुजीत ऑफिसात होता. पान चारवरची ओळ त्याने खोडली. तिच्या जागी त्याने इंग्रजीत लिहिलं, आणि मनात ते मराठीतच उमटलं होतं: 'जिंकण्यासारखं काही न उरलेल्या संघात, हरायचं ठरलं आहे हे सगळ्या खेळाडूंना माहीत नसतं. ज्याला सांगितलेलं नसतं, तो जखमी होतो.' खाली, पहा तक्ता सात. त्याखाली सही. आणि शार्दूल यायच्या आत लीगला पाठवून दिलं.

शार्दूल नऊला आला, पावणेदहाला लाल झालेला होता. त्याने दार लावून घेतलं.

"तुम्हाला वेड लागलंय का? मला विचारल्याशिवाय?"

"विचारलं असतं तर गेलं नसतं."

"कळतंय ना काय केलंय ते? उद्या कुणी खेळाडू हा कागद घेऊन कोर्टात जाईल!"

"जाऊ दे ना. त्याचा पाय आहे."

दोन दिवसांनी लीगचं उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. जोड्यांची कल्पना फार आवडली. प्लेऑफमध्ये बारा संघ, तेही मान्य. कृपया अहवाल तक्ता सातशिवाय आणि मूळ ओळीसह पुन्हा पाठवावा. वाडीतल्या पोरांची नावं झाकायची रीत त्या लोकांना हवी होती. ती कशासाठी होती, ते मात्र नको होतं.

"पुन्हा सही करा," शार्दूल म्हणाला. या वेळी त्याचा आवाज नरम होता. "सुजीतराव, तुमच्या मुलीची शाळा आहे, व्हिसा कंपनीचा आहे. मी धमकी देत नाहीये. आठवण करून देतोय."

"माझं नाव काढा."

"क्रेडिट जाईल तुमचं. सगळं काम तुमचं आहे."

"काम ठेवा. नाव काढा."

शार्दूलने लॅपटॉप मिटला. "महिनाअखेर बोलू," तो म्हणाला. त्याचा अर्थ काय असतो हे त्या इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ती ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी सहीने गेली. सही करणारा माणूस मिळतोच. तो मिळतो म्हणून तर हे सगळं चालतं.

रविवारी सुजीत जबल अलीला गेला. येऊ नको म्हटलं होतं तरी गेला. ट्रकच्या रांगेकडे तोंड करून नेहमीच्या बाकड्यावर बसला. चहा सांगितला नाही. अर्धा तास गेला, मग आणखी थोडा. उन्हाची तिरीप टेबलावर आली.

गणू गोदामाच्या कोपऱ्यावरून पाय ओढत येताना दिसला. लांबूनच त्याने सुजीतला बघितलं. थांबला. मग तसाच चालत आला आणि टेबलाशी उभा राहिला.

"त्या कागदाचं काय झालं?"

"तक्ता काढला त्यांनी. ओळ परत घातली."

"आन् तुझी सही?"

"नाही केली."

"नोकरी?"

"महिनाअखेर बघू म्हणतायत."

गणूने मान हलवली. शाबासकीची नव्हे, नुसती ऐकल्याची. सुजीतने बाकड्यावर बाजूला सरकून त्याच्यासाठी जागा केली. गणूने त्या जागेकडे बघितलं. मग टेबलाला वळसा घालून, ट्रककडे पाठ करून, तो समोरच्या बाकड्यावर बसला. ताठ पाय ठेवायला तिकडे सोय नव्हती. त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलाखालून सुजीतच्या बाजूला लांब केला.

सुजीतने आपले पाय मागे घेतले आणि त्या पायाला जागा करून दिली.

"दोन कडक," गणूने आत ओरडून सांगितलं.